आम्ही येण्यापूर्वी घर साफ करू नये : ओसाड घराची छायाचित्रे काढून घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

वर्षानुवर्षे बंद पडलेल्या, वेलींनी वेढलेल्या आणि छपरातून आभाळ दिसू लागलेल्या घरांची छायाचित्रे काढणे, हे आमच्या छोट्या व्यवसायाचे मुख्य काम आहे. घर विकण्यापूर्वी, पाडण्यापूर्वी किंवा दुरुस्तीला काढण्यापूर्वी मालक आम्हाला बोलावतात. कामाची साधारण पद्धत आपल्याला ठाऊक असेलच. हे पत्रक एकाच गोष्टीसाठी काढले आहे, कारण तिच्यामुळे आमच्या जितक्या खेपा वाया जातात तितक्या पावसामुळेही जात नाहीत. ती गोष्ट म्हणजे, छायाचित्रकार येणार म्हणून आदल्या दिवशी केलेली साफसफाई.

त्यामागची भावना आम्हाला कळते. कोणी येणार असेल तर घर आवरावेसे वाटते, आणि आपल्या घराची दुरवस्था परक्याने पाहू नये असेही वाटते. परंतु पायऱ्यांवरचे शेवाळ खरवडलेले, दारावरची वेल ओढून काढलेली आणि आतला केर काढलेला, अशा स्थितीत आम्ही पोहोचतो तेव्हा समोर उरलेले असते ते केवळ मोडके घर. झाडांनी हळूहळू ताब्यात घेतलेले जे घर आपण आम्हाला फोनवर वर्णन करून सांगितलेले असते, ते तेथे नसते.

वेलीचे विशेष सांगावे लागते. भिंतीला चिकटून चढणारी वेल बारीक मुळ्यांनी किंवा तणाव्यांच्या टोकांवरील चिकट चकत्यांनी धरून असते. ती ओढली की तिच्याबरोबर गिलाव्याचे पापुद्रे, आणि सांधे ठिसूळ झाले असतील तर त्यांतला चुनाही निघून येतो. मुळ्या मात्र तुटून भिंतीवरच राहतात आणि त्यांचे तपकिरी जाळे छायाचित्रात इतके ठळक उमटते, की नजर दुसरीकडे जातच नाही. संगणकावर ते पुसून टाका, असे काही ग्राहक सुचवतात. ते पुसायचे म्हणजे नसलेली भिंत रंगवायची, आणि ते काम आम्ही घेत नाही. वेल नुसती बुंध्याशी कापली तरी पाने लवकरच मलूल होतात, मग वाळून भिंतीवर लोंबत राहतात. कित्येक जुन्या भिंतींच्या बाबतीत भिंतीने वेलीला धरले आहे की वेलीने भिंतीला, हे बाहेरून सांगता येत नाही; त्यामुळे ती ओढताना डोक्यावर काय येईल याचाही भरवसा नसतो.

खरवडलेले शेवाळ ओलावा मिळाला तर काही काळाने परत येते. दगडफुलाचे तसे नाही. दगडावर चपटे पसरणाऱ्या त्याच्या अनेक जाती वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाहीत, म्हणजे उंबऱ्याच्या दगडावरचा तळहाताएवढा करडा डाग घासून काढायला जितकी मिनिटे लागतात, त्याहून जास्त दशके तो तयार व्हायला लागलेली असू शकतात. रिचर्ड डीकिन या इंग्रज वैद्याने रोमच्या कोलोसियमच्या भग्न भिंतींवर उगवणाऱ्या ४२० वनस्पतींची नोंद १८५५ साली प्रसिद्ध केली होती; पुढे १८७० नंतर उत्खननासाठी ती वास्तू झाडून साफ करण्यात आली आणि ती हिरवळ गेली. तेथे निदान आधी नोंद झाली होती. आमचे काही ग्राहक क्रम उलटा करतात, एवढेच आमचे म्हणणे आहे.

घराच्या आत झाडू फिरवणे तर धोक्याचेही आहे. वटवाघळांच्या आणि पक्ष्यांच्या साठलेल्या विष्ठेत हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी असू शकते. कोरडी विष्ठा झाडली की तिचे बीजाणू हवेत उडतात आणि श्वासावाटे फुप्फुसांत जातात. फुटक्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, ती वेगळीच. शिवाय वर्षांची सपाट, अबाधित धूळ खिडकीतून येणाऱ्या तिरप्या उजेडात जशी दिसते, तशी ती झाडूच्या फराट्यांनंतर कशानेही दिसत नाही.

आता आमच्या पद्धतीविषयी, कारण तीवरही प्रश्न येतात. लख्ख ऊन पडलेले असताना आम्ही काम पुढे का ढकलतो, असे विचारले जाते. उन्हात पानांच्या सावल्यांचे काळे-पांढरे ठिपके भिंतीवर पडतात आणि भिंतीचा मूळ रंगच हरवतो. ढगाळ दिवशी, त्यातही पाऊस नुकताच थांबल्यावर, हिरवा रंग सर्वांत खोल उतरतो. ओल्या पानांवरची चमक आम्ही पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे बसवायची चकाकी कापणारी काच, लावून कमी करतो. अंधाऱ्या खोलीचा कोपरा आणि खिडकीबाहेरचे आभाळ हे दोन्ही एकाच छायाचित्रात नीट उमटत नाहीत, म्हणून कॅमेरा तिपाईवर ठेवून दोन-दोन स्टॉपच्या अंतराने, म्हणजे दर वेळी उजेड चौपट वाढवत, पाच छायाचित्रे घेतो आणि नंतर जुळवतो. त्या पाचांच्या दरम्यान वाऱ्याने पान हलले तर त्याची दुहेरी प्रतिमा उमटते. त्यामुळे वारा पडण्याची वाट पाहत आम्ही अर्धा तास नुसते उभे असलेलो दिसलो, तर ते काम चाललेले आहे असे समजावे.

मग आत जायला वाट तरी हवी, हे खरे आहे. ती आम्ही आल्यावर कडेकडेने, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेरून काढतो. समोरचे गवत एकदा तुडवले की कित्येक दिवस तसेच आडवे राहते. आपण फक्त दोन गोष्टी सांगाव्यात : कोठली जमीन किंवा जिना कच्चा आहे, आणि विहीर, टाके, गांधीलमाश्यांचे पोळे असे काही झाडीत लपले आहे का. आतल्या खुर्च्या, दारे, मोडके सामान जागेवरच असू द्यावे. बाहेरून येऊन पडलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या आम्ही विचारून उचलतो, जरी आमच्यापैकी एकाला त्याही उचलू नयेत असेच वाटते.

फ्रान्सच्या स्मारक आयोगाने १८५१ साली पाच छायाचित्रकारांना देशात फिरायला पाठवले, ते डागडुजीची गरज असलेल्या इमारतींची स्थिती टिपून ठेवण्यासाठीच. आपण दुरुस्ती करणार असाल तर कारागिराला सांगण्यापूर्वी आम्हाला एक दिवस द्यावा. आम्ही प्रत्येक चौकटीसाठी तिपाईची जागा, उंची आणि लेन्स यांची नोंद ठेवतो, त्यामुळे पुढच्या ऋतूत किंवा दुरुस्तीनंतर त्याच जागेवरून तेच छायाचित्र पुन्हा घेता येते. अशी जोडी एकत्र छापून हवी असल्यास ती सोय आमच्याकडे आहे, आणि पहिल्या पाहणीचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.

साफसफाई आधीच झाली असेल तर संकोच न करता आदल्या संध्याकाळपर्यंत कळवावे. वेल बुंध्यातून पुन्हा फुटण्याजोगी असेल तर आम्ही तिच्या वाढीच्या हंगामानंतरची तारीख देतो आणि त्या बदलाचे पैसे घेत नाही. तेथे पोहोचल्यावर कळले, तर मात्र ती खेप हिशेबात धरली जाते.