कोपनहेगनचे अठ्ठेचाळीस की गोथेनबर्गचे पन्नास?

भाच्याने व्हॉट्सअॅपवर दोन ऑफर लेटरांचे फोटो टाकले आणि खाली एकच ओळ: "मावशी, स्वीडनवाले जास्त देतायत, मग स्वीडनच ना?" एक पत्र स्वीडनमधल्या गोथेनबर्गचं, महिना ५०,०००. दुसरं डेन्मार्कमधल्या कोपनहेगनचं, महिना ४८,०००. दोन्हीकडे आकड्यापुढे क्रोन लिहिलेले. पोराने सरळ वजाबाकी केली होती.

मी स्वीडनच्या दक्षिण टोकाला, माल्मोला राहते. हवा स्वच्छ असली की किनाऱ्यावरून पलीकडचा डेन्मार्क दिसतो, आणि दोन देशांना जोडणारा ओरेसुंडचा पूल तर रोजच दिसतो. तरी इथे येईपर्यंत माझ्याही डोक्यात हे दोन देश म्हणजे एकाच वाड्यातल्या दोन खोल्या होत्या. आपल्याकडे "नॉर्डिक" म्हटलं की सगळा एकच गठ्ठा असतो: थंडी, सायकली, भरपूर कर, भरपूर सुट्ट्या. चिंचवडला वाढलेल्या माणसाला स्वीडन त्यातल्या त्यात ओळखीचं. दापोडीच्या आल्फा लावल, सँडविक किंवा चिंचवडच्या एसकेएफ अशा स्वीडिश कंपन्यांत कुणाचे ना कुणाचे बाबा असायचेच. डेन्मार्क म्हणजे बिस्किटांचा निळा डबा, ज्यात नंतर सुईदोरा ठेवतात.

भाच्याला पहिलं उत्तर पाठवलं: "अरे, हे दोन वेगळे क्रोन आहेत."

डॅनिश क्रोन युरोला बांधलेला आहे. एका युरोला साधारण ७.४६ क्रोन, आणि हा भाव फारसा हलत नाही. स्वीडिश क्रोना मोकळा सोडलेला आहे, तो वरखाली होत राहतो. दोन्ही देशांनी सार्वमत घेऊन युरोला नाही म्हटलं, डेन्मार्कने २००० साली आणि स्वीडनने २००३ साली, पण नकार देऊनही एकाने दोर बांधून ठेवला आणि दुसऱ्याने नाही. सध्या एका डॅनिश क्रोनला साधारण दीड स्वीडिश क्रोना पडतात. म्हणजे कोपनहेगनचे ४८,००० गोथेनबर्गच्या हिशेबात सत्तर हजारांच्या पुढे गेले. पन्नासपेक्षा लहान दिसणारं पत्र मुळात कितीतरी मोठं होतं.

पण थांबा, इथे आणखी एक मेख आहे. स्वीडनमध्ये कंपनी तुमच्या पगारावर ३१.४२ टक्के सामाजिक वर्गणी वेगळी भरते. ती तुमच्या पत्रात कुठेच दिसत नाही. डेन्मार्कमध्ये मालकाच्या माथी असा बोजा जवळपास नाही. तिथे आरोग्य, सरकारी पेन्शन, सगळं बहुतांश तुमच्याच पगारातून कापलेल्या करातून चालतं. त्यामुळे डॅनिश ग्रॉस, म्हणजे कापाकापीआधीचा पगार, फुगलेला दिसतो आणि हातात येताना बऱ्यापैकी बसतो. आधी ८ टक्के श्रमबाजार वर्गणी कापतात आणि उरलेल्यावर बाकीचे कर लागतात. स्वीडनमध्ये नगरपालिका आणि प्रांताचा कर मिळून सरासरी ३२ टक्क्यांच्या आसपास जातो, आणि पगार एका मर्यादेपलीकडे गेला तर वरच्या रकमेवर आणखी २० टक्के. कोपनहेगनचं घरभाडं आणि हॉटेलचं बिल हा तिसरा हिशेब. सगळं धरूनही डेन्मार्कच पुढे राहतो, फक्त सत्तर विरुद्ध पन्नास इतका नाही.

परदेशी तज्ज्ञांसाठी दोन्हीकडे करसवलत आहे, आणि तिथेही नावं सारखी, काम वेगळं. डेन्मार्कमध्ये सात वर्षांपर्यंत सपाट २७ टक्के, वर ती ८ टक्के वर्गणी, म्हणजे एकूण ३२.८४ टक्के. स्वीडनमध्ये पगाराच्या चौथ्या हिश्शावर करच नाही, आणि तीही २०२४ पासून सात वर्षांपर्यंत. डॅनिश सवलतीची किमान पगाराची अट चांगलीच उंच आहे. भाच्याचा पगार तिथे पोचत नव्हता. हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याने रडका इमोजी पाठवला.

आता व्हिसा. दोन्ही देश दारात पगारच विचारतात, पण वेगवेगळ्या पद्धतीने. डेन्मार्कची एक वाट अशी की वर्षाचा पगार ठरलेल्या आकड्याच्या वर असला, तर शिक्षण कुठलं, क्षेत्र कुठलं, फारसं कोणी विचारत नाही. हा आकडा २०२४ मध्ये ४,८७,००० क्रोन होता, २०२५ मध्ये ५,१४,०००, आणि दरवर्षी वाढतो. त्याखाली असलात तर ज्या कामांना माणसं कमी पडतात त्यांची यादी वगैरे दुसऱ्या वाटा आहेत. स्वीडनने अट त्या देशातल्या मधल्या पगाराच्या ८० टक्क्यांवर नेली. हे नोव्हेंबर २०२३ मध्ये. त्याआधी महिना १३,००० क्रोना पुरत. जुन्या ओळखीच्यांचा सल्ला ऐकताना तो माणूस कोणत्या साली आला हे आधी विचारावं, ते यासाठीच.

इथपर्यंत सगळे येतात. माझ्या मते खरा फरक पाचव्या वर्षी कळतो.

स्वीडनमध्ये चार वर्षं वर्क परमिटवर काम केलं की कायमच्या परवान्यासाठी, आपण ज्याला पीआर म्हणतो त्यासाठी, अर्ज करता येतो. डेन्मार्कमध्ये साधी मुदत आठ वर्षं. ती चारवर आणता येते, पण त्यासाठी चार जादा अटी आहेत आणि चारही पुऱ्या व्हाव्या लागतात: वरच्या पायरीची डॅनिश परीक्षा, चांगला पगार, चार वर्षं जवळजवळ अखंड पूर्णवेळ नोकरी, आणि "सक्रिय नागरिकत्व", म्हणजे एखाद्या संस्थेच्या कार्यकारिणीत वर्षभर काम किंवा त्याऐवजी एक परीक्षा. गणेशोत्सव मंडळात खजिनदार होऊन गेलेल्या मराठी माणसाला ही शेवटची अट फारशी परकी वाटू नये.

नागरिकत्वात तर आणखी अंतर आहे. स्वीडनमध्ये पाच वर्षांच्या मुक्कामाची अट चालत आली. सरकारने ती आठवर न्यायची, सोबत भाषेची आणि समाजाच्या माहितीची परीक्षा लावायची, असं मनावर घेतलं आहे. तुम्ही हे वाचाल तेव्हा नेमकं काय लागू आहे ते स्वीडनच्या मायग्रेशन खात्याच्या पानावरच बघा, माझ्यावर किंवा फेसबुक ग्रुपवर विसंबू नका. डेन्मार्कमध्ये सर्वसाधारणपणे नऊ वर्षं. परीक्षेत ४५ प्रश्न, त्यातले ३६ बरोबर हवेत. आणि मग तुमचं नाव एका विधेयकात जातं. खरंच, डेन्मार्कची संसद वर्षातून दोनदा नावांच्या यादीचं विधेयक मंजूर करते आणि नागरिकत्वाची वाट त्यातूनच जाते. त्यानंतर नगरपालिकेत समारंभ होतो, आणि २०१९ पासून त्यात हस्तांदोलन केलंच पाहिजे असा नियम आहे.

दोन्ही देश दुहेरी नागरिकत्वाला हरकत घेत नाहीत. स्वीडनने २००१ ला ते खुलं केलं, डेन्मार्कने २०१५ ला. पण आपला भारत घेतो. निळा पासपोर्ट परत करावा लागतो, आणि मग परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड घेता येतं. तो निर्णय कोपनहेगन की गोथेनबर्ग यापेक्षा मोठा आहे, म्हणून इथे सोडते.

पुलाबद्दल मात्र सोडणार नाही, कारण दर दोन महिन्यांनी कोणीतरी हाच प्रश्न विचारतं. माल्मोत घर स्वस्त, कोपनहेगनला पगार जास्त, ट्रेनला पाऊण तासाच्या आत. मग स्वीडनच्या परमिटवर राहायचं आणि डेन्मार्कात नोकरी करायची, चालेल ना? नाही चालत. स्वीडनच्या परवान्यावर तुम्ही डेन्मार्कात फिरायला जाऊ शकता, खरेदी करू शकता, टिवोली या करमणुकीच्या बागेत पाळण्यात बसू शकता. काम करायचं तर डेन्मार्कचा वेगळा परवाना लागतो. "एकच दिवस ऑफिसला बोलावलंय" यालाही कामच म्हणतात. माझ्या शेजारचा स्वीडिश माणूस मजेत ये-जा करतो, कारण नॉर्डिक देशांच्या नागरिकांना १९५४ पासून एकमेकांकडे परवान्याशिवाय काम करता येतं. ही सवलत नागरिकांना आहे, पीआरवाल्यांना नाही. युरोपीय संघाचं ब्लू कार्ड किंवा दीर्घ मुक्कामाचा दर्जा स्वीडनमध्ये मिळतो, पण डेन्मार्क त्या कायद्यांतून बाहेर राहिला आहे. जर्मनीत ब्लू कार्डवर काढलेली वर्षं घेऊन कोणी कोपनहेगनला गेलं, तर तिथे पाटी कोरी.

नोकरी सुटण्याबाबत मी स्वतः उलटं समजत होते. स्वीडनचा नोकरी-संरक्षण कायदा कडक, डेन्मार्कात सहज काढतात, असं सगळेच सांगतात. मोठ्या चित्रात ते बरोबर आहे. पण ऑफिसात काम करणाऱ्या डॅनिश पगारदाराला सहा महिने झाले की कायद्याने तीन महिन्यांची नोटीस मिळते. स्वीडनच्या कायद्यात पहिली दोन वर्षं एकच महिना आहे. युनियनच्या करारात जास्त असू शकते, म्हणून करार आहे का ते आधी विचारायचं. परवानाच नोकरीवर लटकलेला असतो तेव्हा नोटिशीचा एकेक महिना मोलाचा असतो.

रोजच्या जगण्यातला सारखेपणा आणि फरक पाहायचा तर नंबर बघा. दोन्ही देश प्रत्येकाला दहा आकड्यांचा नंबर देतात, आणि त्याशिवाय तुम्ही जवळपास अस्तित्वातच नसता. स्वीडनचा १९४७ पासून, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. डेन्मार्कचा १९६८ पासून, आपल्यासारखा, आधी दिवस. दोन्हींत शेवटी चार आकडे. स्वीडनमध्ये शेवटून दुसरा आकडा विषम असेल तर पुरुष, सम असेल तर बाई. डेन्मार्कात हेच काम शेवटचा आकडा करतो. स्वीडनमध्ये हा नंबर मिळायला किमान वर्षभर राहणार असं दिसावं लागतं, मग बँक, मग बँकआयडी, म्हणजे मोबाइलवरची ओळख, आणि मग कुठे दारं उघडतात. मी पहिले काही आठवडे घरभाडं रोख घेऊन फिरत होते आणि रोख घ्यायला कोणी तयार नव्हतं. डेन्मार्कात नंबरासोबत पिवळं आरोग्यकार्ड येतं, त्यावर तुमच्या डॉक्टरचं नाव छापलेलं असतं, आणि त्या डॉक्टरला पैसे द्यावे लागत नाहीत. स्वीडनमध्ये दर भेटीला थोडी फी, वर्षाला तिची कमाल मर्यादा.

भाषा दिसायला जुळ्या. स्वीडिश येणाऱ्याला डॅनिश वर्तमानपत्र वाचता येतं. डॅनिश माणूस बोलायला लागला की मात्र वाटतं, याच्या तोंडात गरम बटाटा आहे. हे मी म्हणत नाही, सगळे स्वीडिश म्हणतात. शिकवणी दोन्हीकडे जवळपास फुकट, डेन्मार्कात थोडी अनामत. पण एका गोष्टीत मराठी माणसाला डॅनिश जवळची आहे. स्वीडिश आकडे सरळ, पन्नास-एक, पन्नास-दोन. डॅनिश आधी एकक म्हणतात, आपण बावन्न म्हणतो तसं. आणि पन्नासपासून पुढची दशकं मोजतात विसांनी, म्हणजे आपल्या जुन्या कोडीने. साठ म्हणजे तीन कोडी, ऐंशी म्हणजे चार. पन्नासला म्हणतात "हाल्त्रेस", अर्धा कमी तिसरा, म्हणजे अडीच कोडी. सत्तर साडेतीन कोडी, नव्वद साडेचार. इंग्रज या हिशेबाला हात टेकतात. अडीचकी-औटकीचे पाढे म्हणणाऱ्या आजीच्या नातवाला ते सहज जमायला हवं.

घराबद्दल थोडक्यात. स्वीडनमध्ये पहिल्या हाताच्या, म्हणजे थेट घरमालकाशी होणाऱ्या भाडेकराराची रांग वर्षानुवर्षांची. त्यामुळे बहुतेक परदेशी दुसऱ्या हाताच्या, म्हणजे कुणाकडून तरी पुढे भाड्याने घेतलेल्या घरात राहतात, आणि जमेल तेव्हा विकत घेतात. डेन्मार्कात घर मिळतं, पण तीन महिन्यांचं अनामत आणि वर तीन महिन्यांचं आगाऊ भाडं मागू शकतात. आणि युरोपीय संघाबाहेरचा माणूस एकूण पाच वर्षं तिथे राहिलेला नसेल, तर घर विकत घ्यायला सरकारी परवानगी लागू शकते. गाडी घेण्याचा विचार असेल तर डेन्मार्कातला नोंदणीकर आधी बघा. वरच्या टप्प्यात तो १५० टक्के आहे.

मुलं हा भाच्याच्या यादीतला विषय नव्हता, त्याच्या आईच्या यादीतला होता. स्वीडनमध्ये एका मुलामागे ४८० दिवसांची भत्त्यासह रजा दोघांत वाटता येते. जुलै २०२४ पासून त्यातले काही दिवस आजी-आजोबांनाही देता येतात. ताई हे ऐकून खूश झाली. मग मी सांगितलं की त्यासाठी आजी स्वीडनच्या सामाजिक विम्यात असायला हवी, टुरिस्ट व्हिसावर आलेली चालत नाही. ती म्हणाली, "मग मी फुकटच सांभाळीन, पैशासाठी थोडीच येतेय!"

भाच्याला मी शेवटी एकच विचारलं: तिथेच राहायचंय की सात-आठ वर्षं कमवून परत यायचंय? कमवायचं असेल तर मी डेन्मार्क म्हणेन. तो पाहुण्याला चांगलं जेवू घालतो, पण घरचा म्हणायला फार वेळ घेतो. रुजायचं असेल तर अजूनही स्वीडन, जरी त्यांनीही आता दार थोडं लोटून घेतलं आहे. त्याने "बघतो" एवढंच लिहिलं आणि चार दिवस गप्प.

काल रात्री मेसेज आला. कोपनहेगनवाले ५२,००० ला तयार झाले म्हणे. आणि खाली: "मावशी, बावन्न म्हणजे दोन आणि अडीच कोडी, बरोबर?"