आशियाई चषक फुटबॉल पात्रता: भारत कोणकोणत्या वाटांनी गेला आणि कोणती वाट अरुंद झाली

२८ सप्टेंबर २०२५ला भारताने दुबईत पाकिस्तानला हरवून क्रिकेटचा आशिया कप जिंकला, हे सांगलीपासून जतपर्यंत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्यानंतर १६ दिवसांनी मडगावात भारत सिंगापूरकडून १-२ असा हरला आणि फुटबॉलच्या आशियाई चषकातून, २०२७च्या स्पर्धेपुरता, बाद झाला. ही बातमी आपल्याकडे फार थोड्यांनी शेवटपर्यंत वाचली. मडगाव काही लांब नाही, मिरजेहून थेट गाडी आहे. पण कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने बघायला जाणारी आपल्याकडची मंडळी सोडली, तर राष्ट्रीय संघ कुठल्या फेरीत आहे, तिथून पुढे काय, याचा हिशेब ठेवणारा विरळा. बाकीच्यांकडे एक तयार वाक्य असतं: १४० कोटींत ११ पोरं मिळत नाहीत.

पोरं कशी घडतात हा वेगळा विषय आहे. इथे प्रश्न पात्रतेचा आहे. भारत आजवर १९६४, १९८४, २०११, २०१९ आणि २०२३ या पाच आशियाई चषकांत खेळला. पहिल्या चार वेळा तो चार वेगळ्या वाटांनी गेला, आणि पाचव्या वेळची वाट चौथ्याचीच होती, फक्त थोडी आखडलेली. त्या वाटा पाहिल्या की मडगावचा निकाल अचानक आकाशातून पडल्यासारखा वाटत नाही.

सुरुवातीचा काळ झटपट उरकण्यासारखा आहे. १९५६च्या पहिल्या स्पर्धेत चारच संघ होते आणि भारत त्यांत नव्हता. त्याच वर्षी मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा आला होता. आपल्या फुटबॉलचा मान तेव्हा ऑलिम्पिक आणि आशियाई क्रीडा स्पर्धांशी जोडलेला होता. डिसेंबर १९५९मध्ये पश्चिम विभागाची पात्रता फेरी कोचीत झाली. इस्रायल, इराण, पाकिस्तान आणि भारत असे चार संघ होते. इस्रायल पुढे गेला, भारत मागे राहिला. १९६४ला स्पर्धाच इस्रायलमध्ये होती. नाव नोंदवलेल्या १६ संघांपैकी ११ जणांनी माघार घेतली. भारताला पात्रतेचा एकही सामना न खेळता पुढे चाल मिळाली. तिथे जाऊन भारताने दक्षिण कोरियाला २-० आणि हाँगकाँगला ३-१ असं हरवलं, यजमानांकडून ०-२ अशी हार पत्करली आणि उपविजेतेपद मिळवलं. हे उपविजेतेपद आजही अभिमानाने सांगितलं जातं आणि सांगावंच. स्पर्धेत चार संघ होते आणि तिथवर जाताना एकाही संघाशी गाठ पडली नव्हती, एवढं मात्र सोबत सांगायला हवं.

१९८४ची पात्रता मैदानावर मिळवलेली होती. ऑक्टोबरमध्ये कोलकात्यात पाच संघांचा गट झाला: दक्षिण कोरिया, भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि उत्तर येमेन. पहिले दोन संघ सिंगापूरला जाणार होते. भारत दुसरा आला. मुख्य स्पर्धेत मात्र इराणविरुद्धची ०-० बरोबरी सोडली तर बाकी तिन्ही सामने गेले आणि चार सामन्यांत भारताचा एकही गोल झाला नाही.

मग २७ वर्षांचा खंड. या काळात स्पर्धा वाढत गेली. १९९६ला १२ संघ, २००४ला १६. जागा वाढल्या तरी भारताला एकही मिळाली नाही. २००७च्या पात्रतेत जपान, सौदी अरेबिया आणि येमेन हे गटात होते. भारताने सहाच्या सहा सामने गमावले, दोन गोल केले आणि २४ खाल्ले. बंगळुरूत जपानविरुद्धच्या सामन्यात मैदानावरचे दिवे गेले आणि खेळ थांबला. त्या सामन्याची आठवण काढणारे अजूनही आधी दिव्यांचंच बोलतात, ०-३चं नंतर.

यानंतर जे घडलं त्यावर सर्वांत जास्त वाद आहे, आणि माझ्या मते सगळ्या गोष्टीचा कणाही तोच आहे: चॅलेंज कप.

आशियाई महासंघाने आपल्या सदस्य देशांची तीन पायऱ्यांत विभागणी केली होती: प्रगत, विकसनशील आणि उदयोन्मुख. तळातल्या देशांनी बलाढ्य संघांकडून सात-सात गोल खाण्यात कुणाचंच भलं नाही, त्यांना त्यांच्या तोलामोलाची वेगळी स्पर्धा द्यावी, असा विचार. २००६ला बांगलादेशात ती पहिल्यांदा झाली आणि ताजिकिस्तान जिंकला. भारताने तेव्हा युवा संघ पाठवला होता, म्हणजे स्पर्धेला किती किंमत दिली ते कळतंच. पण पुढच्या खेपेपासून नियमात एक ओळ वाढली आणि सगळं बदललं. २००८ आणि २०१० या दोन्ही वर्षांचे विजेते थेट २०११च्या आशियाई चषकात जाणार, त्यांना पात्रता फेरी नाही.

२००८ची स्पर्धा भारतातच झाली. आठ संघ होते. सामने हैदराबादला सुरू झाले, पावसाने मैदानाचा चिखल केला आणि अंतिम सामना दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर हलवावा लागला. १३ ऑगस्टला भारताने ताजिकिस्तानला ४-१ असं हरवलं. पुढे भारताचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झालेल्या पोराने त्यात तीन गोल मारले. अफगाणिस्तान, ताजिकिस्तान, तुर्कमेनिस्तान, म्यानमार आणि पुन्हा ताजिकिस्तान, असे पाच सामने खेळून भारत २७ वर्षांनी आशियाई चषकात गेला.

आता दुसरी बाजू. त्याच २०११च्या चषकासाठी थायलंड आणि सिंगापूर नेहमीच्या पात्रता फेरीत, इराण आणि जॉर्डनच्या गटात अडकले होते. त्या फेरीत २० संघांसाठी १० जागा होत्या. थायलंड बाहेर गेला, सिंगापूरही गेला. त्यांचा संघ तेव्हाच्या भारतापेक्षा कमी होता असं कुणी ठामपणे म्हणू शकणार नाही. वरच्या पायरीवर असणं ही त्यांना शिक्षाच झाली.

आणि २०१०चा विजेता कोण? उत्तर कोरिया. फेब्रुवारीत त्यांनी श्रीलंकेत हा कप उचलला आणि जूनमध्ये तोच देश दक्षिण आफ्रिकेत विश्वचषकात ब्राझील आणि पोर्तुगालसमोर उभा होता. आपल्याकडच्या यात्रेतल्या मैदानात पन्नास रुपयांच्या जोडीत कुणी पहिल्या नंबरच्या पैलवानाला लावलं, तर पंचांना तिथेच गराडा पडेल. इथे कुणी काही म्हटलं नाही. २०१२ला नेपाळमध्ये पुन्हा उत्तर कोरियाच जिंकला. गटात त्यांनी भारताला ४-० असं हरवलं होतं.

तरीही चॅलेंज कपला नुसतं मागचं दार म्हणून मोडीत काढणं मला पटत नाही. २०१४ला मालदीवमध्ये पॅलेस्टाइनने फिलिपाइन्सला १-० असं हरवलं आणि पहिल्यांदाच आशियाई चषक गाठला. हरलेल्या फिलिपाइन्सनेही पुढे २०१९ला पहिल्यांदा प्रवेश मिळवला. ज्या देशांना दोन वर्षांत चार धड सामने मिळत नव्हते, त्यांच्यासमोर जिंकण्याजोगं काहीतरी ठेवलं गेलं. ज्यांना ते पचवता आलं ते वर सरकले.

भारताला ते नीट पचलं नाही, असं निकाल सांगतात. ऑगस्ट २००८मध्ये जागा पक्की झाल्यावर जानेवारी २०११पर्यंत संघासमोर पात्रतेचा एकही सामना नव्हता. बाकीचे संघ त्याच काळात घरी-दारी खेळून तयार होत होते. दोहात ऑस्ट्रेलियाने ४-०, बहरीनने ५-२ आणि दक्षिण कोरियाने ४-१ असं हरवलं. तीन सामन्यांत १३ गोल. मग हीच वाट उलटीही फिरली. चॅलेंज कपच्या पायरीवर असणाऱ्यांना मुख्य पात्रता फेरीत जागा नव्हती. मार्च २०१३मध्ये यांगूनला भारत म्यानमारकडून ०-१ असा हरला, चॅलेंज कपच्या मुख्य स्पर्धेतही पोचला नाही आणि २०१५चा आशियाई चषक सुरू व्हायला पावणेदोन वर्षं असतानाच त्याचं गणित मिटलं.

२०१४नंतर चॅलेंज कप बंद झाला. स्पर्धा २४ संघांची होणार हे ठरलं आणि विश्वचषक व आशियाई चषक यांची पात्रता एकत्र बांधली गेली. याची कारणं कुणी फारशी लपवली नाहीत. सामन्यांच्या तारखा जमवणं सोपं होत होतं आणि एकत्र मालिकेचे प्रक्षेपण हक्क जास्त किमतीला जात होते. छोट्या देशांना मात्र खरोखर जास्त सामने मिळाले. रचना अशी: दुसऱ्या फेरीत ४० संघ, पाच-पाचांचे आठ गट. त्यांतले वरचे १२ विश्वचषकाच्या तिसऱ्या फेरीत आणि थेट आशियाई चषकात. उरलेल्यांसाठी आशियाई चषकाची स्वतंत्र तिसरी फेरी, तिथून आणखी १२. दोन्ही फेऱ्यांना ‘तिसरी’च म्हणतात आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध दिशेला जातात. बातम्यांत दर वेळी घोळ होतो तो यामुळे.

या रचनेने भारताला काय दिलं ते २०१५मध्येच दिसलं. इराण, ओमान, तुर्कमेनिस्तान आणि गुआमच्या गटात भारत आठ सामन्यांत तीन गुण घेऊन शेवटचा आला. गुआमकडूनही एक सामना हरला. त्या बेटाची लोकसंख्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या निम्म्याहून कमी आहे. जुन्या पद्धतीत इथे विषय संपला असता. नव्या पद्धतीत लाओसविरुद्ध दोन सामन्यांची जोडफेरी मिळाली. १-० आणि ६-१ असं जिंकून भारत किर्गिझस्तान, म्यानमार आणि मकावच्या गटात पोचला. तिथून पहिले दोन संघ जाणार होते. ऑक्टोबर २०१७मध्ये बंगळुरूत मकावला ४-१ असं हरवून भारताने जागा पक्की केली. गटात तळाला राहिलेला संघ दोन वर्षांत आशियाई चषकाला पात्र ठरला. यात लाज नाही. नियमाने दुसरी संधी दिली आणि संघाने ती घेतली.

२०२३साठी साचा तोच राहिला, मात्र तिसऱ्या फेरीतल्या जागा १२वरून ११ झाल्या. कोरोनामुळे जून २०२२मध्ये प्रत्येक गटाचे सामने एकाच शहरात उरकले गेले. आपला गट कोलकात्यात आला. कंबोडिया, अफगाणिस्तान आणि हाँगकाँगवर तीन विजय, शेवटचा ४-०. खरं तर हाँगकाँगविरुद्धच्या सामन्याआधीच, दुसऱ्या गटातल्या पॅलेस्टाइन-फिलिपाइन्स निकालामुळे भारत पात्र ठरला होता. मुख्य स्पर्धेत ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरियासमोर तीन पराभव पदरी आले आणि एकही गोल झाला नाही.

आणि मग २०२७. विश्वचषक ४८ संघांचा झाला, आशियाच्या जागा वाढल्या, म्हणून विश्वचषकाच्या तिसऱ्या फेरीत १२ऐवजी १८ संघ घेतले गेले. ते अठराही थेट आशियाई चषकात. एकूण जागा मात्र २४च राहिल्या. म्हणजे खालच्या वाटेने जाणाऱ्यांसाठी उरल्या सहा. २०१९ला १२, २०२३ला ११ आणि आता ६. प्रत्येक गटातून फक्त पहिला. फार गाजावाजा न होता झालेला हा बदल भारतासारख्या मधल्या संघांना सर्वांत जास्त लागला, कारण २०१९ आणि २०२३ला भारत ज्या वाटेने गेला तीच निम्म्यावर आली.

वरच्या वाटेने जाणं या वेळी सोपं झालं होतं, हेही खरं. दुसऱ्या फेरीत चारांच्या गटातून दोन जाणार होते आणि भारताच्या गटात कतार, कुवेत, अफगाणिस्तान होते. ११ जून २०२४ला दोहात भारत कतारविरुद्ध १-० असा पुढे होता. ७३व्या मिनिटाला गोलरेषेबाहेर गेलेला चेंडू आत ओढून कतारने गोल केला, पंचांनी तो दिला आणि चित्रफीत तपासायची सोयच नव्हती. शेवटी १-२. या गोलावर अजून चर्चा होते, आणि तो गोल नव्हताच. पण त्याआधी मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानविरुद्ध आघाडी घेऊन भारत १-२ असा हरला होता. तो सामना जिंकला असता तर भारताचे आठ गुण झाले असते आणि कुवेत सातवर थांबला होता. दोहा हरूनही भारत पुढे गेला असता. गुवाहाटीचं नाव मात्र कुणी काढत नाही.

मग खालची वाट. सोडतीत भारत पहिल्या कप्प्यात होता, म्हणजे गटातला सर्वांत वरचा संघ. समोर बांगलादेश, हाँगकाँग, सिंगापूर. मार्च २०२५मध्ये शिलाँगला बांगलादेशशी ०-०. त्यासाठी निवृत्त कर्णधाराला परत बोलावलं होतं. जूनमध्ये हाँगकाँगला भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर ०-१. ऑक्टोबरात सिंगापूरला अखेरच्या मिनिटांत मिळवलेली १-१ बरोबरी, आणि पाच दिवसांनी मडगाव. पहिले दोन जाणार असते तर मडगावनंतरही आकडेमोड करत बसता आलं असतं. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशनेही १-० असं हरवलं, आणि त्याच दिवशी हाँगकाँगला हरवून सिंगापूर पात्र ठरला. याआधी तो देश एकदाच आशियाई चषकात खेळला होता, १९८४ला, यजमान म्हणून.

यजमानाला पात्रतेची चिंता नसते. २०२७च्या यजमानपदासाठी शेवटी दोनच दावेदार उरले होते, सौदी अरेबिया आणि भारत. भारताने डिसेंबर २०२२मध्ये आपला प्रस्ताव मागे घेतला.