‘साहिब बीबी और गुलाम’ तेव्हा नाकारला गेला होता? मुळीच नाही

निर्माते-अभिनेते गुरुदत्त हयात असताना ‘साहिब बीबी और गुलाम’ची कुणी कदर केली नाही, असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. ते खरं नाही. पडला तो त्यांचाच १९५९चा ‘कागज के फूल’. लोक दोन्हींची गल्लत करतात.

बिमल मित्र यांच्या बंगाली कादंबरीवरचा ‘साहिब बीबी और गुलाम’ १९६२चा. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं फिल्मफेअर त्यालाच मिळालं. दिग्दर्शनाचं अबरार अल्वींना, छायाचित्रणाचं व्ही. के. मूर्तींना. अभिनेत्रीच्या गटात त्या वर्षी तिन्ही नामांकनं मीनाकुमारीचीच होती, आणि जिंकली ती या सिनेमातली तिची छोटी बहू! बर्लिन महोत्सवातही तो दाखवला गेला. गुरुदत्त गेले ऑक्टोबर १९६४मध्ये, म्हणजे हे सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत झालं.

मूर्तींचं काम बघायचं तर हवेलीतला मुजरा पुन्हा लावा. मिनू मुमताजच्या चेहऱ्यावर उजेड, आणि मागे नाचणाऱ्या मुली पूर्ण गाणंभर अंधारात, नुसत्या आकृत्या. मला तरी हिंदी सिनेमातला याहून सुंदर काळोख आठवत नाही.

प्रेक्षकांची एक नाराजी मात्र खरी होती. छोटी बहू भूतनाथच्या (गुरुदत्तच्या भूमिकेच्या) मांडीवर डोकं ठेवते, हे त्यांना रुचलं नाही. तेवढा भाग गाण्यासकट काढला गेला.