पाळकाचा पगार आणि ‘स्वावलंबन’ या शब्दाचा घोळ

पाळकाने, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूने, मंडळीकडून (आपल्या स्थानिक चर्चकडून) पगार घ्यावा की स्वतः कमावून सेवा करावी, या वादात दोन्ही बाजू प्रेषित पौलालाच साक्षीला बोलावतात. करिंथात तो राहुट्या करून पोट भरत होता. पण त्याच करिंथकरांना त्याने लिहिले की सुवार्ता सांगणाऱ्याची उपजीविका सुवार्तेवर व्हावी, हा प्रभूचाच नियम. म्हणजे हक्क त्याने मान्य केला, फक्त तिथे स्वतःसाठी वापरला नाही. फिलिप्पै गावच्या मंडळीने पाठवलेली मदत मात्र घेतली.

मधली शतके राजाश्रयात आणि दशमांशात (उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाच्या देणगीत) गेली. हिंदुस्थानात प्रश्न नव्याने उभा राहिला तो एकोणिसाव्या शतकात. बंगालात आलेला एक इंग्रज मिशनरी, मूळचा चांभार, आधी निळीच्या कारखान्यावर देखरेख करी. पुढे कलकत्त्याच्या सरकारी कॉलेजात शिकवून मिळालेला पगार तो बंगालातल्या श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांच्या सामायिक तिजोरीत घाली. त्या कॉलेजात तो मराठीही शिकवत असे, आणि १८०५ साली छापलेले मराठीचे व्याकरण त्याच कामातून आले. कमावत्या उपदेशकाचे हे ऋण आपल्याकडे फारसे कोणी बोलून दाखवत नाही. मिशनच्या लंडनमधल्या कमिटीशी मालमत्तेवरून बिनसले तेव्हा, १८२७ साली, श्रीरामपूरकर वेगळे झाले. स्वतःची कमाई नसती तर हे जमले नसते. पण प्रत्येकाला असे साधत नाही. १८३३ साली आलेल्या एक्झेटरच्या एका दंतवैद्याने चित्तूरला शेती आणि रेशमाचा उद्योग करून सेवा चालवायचे ठरवले, आणि तो कर्जात बुडाला.

आता नगरकडे येऊ, कारण आपल्या मंडळ्यांतला घोळ तिथलाच आहे. १८५४ साली बोस्टनहून तिथल्या अमेरिकन मिशनचे पाहणी-मंडळ आले आणि त्याच वर्षी नगरला पहिल्या दोन देशी पाळकांना दीक्षा मिळाली. दोघेही जन्माने ब्राह्मण. त्या पाहणी-मंडळाचे धोरण तीन शब्दांत सांगितले जाते: स्वशासन, स्वावलंबन, स्वप्रसार. यातल्या मधल्या शब्दाने पुढे फार गोंधळ घातला. मूळ धोरणात स्वावलंबी व्हायची होती ती मंडळी, पाळक नव्हे. मंडळीने मिशनच्या पैशावर न राहता आपला पाळक आपण पोसावा, आणि त्याचा पगार तिला झेपेल एवढाच ठेवावा, असा त्याचा अर्थ. मराठी कानाला मात्र ‘स्वावलंबी पाळक’ म्हणजे नोकरीधंदा करून फुकट सेवा करणारा पाळक, असेच ऐकू येते. आजही वार्षिक सभेत एकजण पहिल्या अर्थाने बोलतो, दुसरा दुसऱ्या अर्थाने उत्तर देतो, आणि ऐकणाऱ्यांना वाटते की दोघांचे एकमत आहे.

झेपेल एवढा म्हणजे किती, हाही प्रश्न होताच. खेड्यापाड्यातल्या मंडळ्यांत पुढे मुख्यतः महार-मांग कुटुंबे आली. त्यांच्या हाती रोकड क्वचित, मिळे ते बलुत्याचे धान्य. कापणीच्या सणाला वेदीपुढे कणसे, भोपळे, कोंबड्या मांडायच्या आणि लिलावात घ्यायच्या. घेतलेला भोपळा परत अर्पण करून पुन्हा लिलावात ठेवायचा. अशा पैशातून पाळक पोसायचा, आणि शेजारच्या बंगल्यातल्या साहेबाचा पगार अमेरिकेतून यायचा. ही तफावत देशी पाळकांना बोचली नसती तरच नवल.

नगरला उमेदीची वर्षे घालवलेल्या एका कवी-पाळकाने १९१७ साली मिशनची पगारी चाकरी सोडली आणि स्वतःला ख्रिस्ती संन्यासी म्हणवले. त्याचा मार्ग पगाराचा नव्हता, तसा राहुट्यांचाही नव्हता. कीर्तनकाराची बिदागी आणि साधूची भिक्षा ज्या मातीत रुजली, तिथे हा तिसरा मार्ग लोकांना लगेच कळला. मिशनच्या हिशेबाच्या वहीत मात्र त्याच्यासाठी रकाना नव्हता. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत धाडसी गोष्ट हीच, आणि तिच्यावर सर्वांत कमी चर्चा झाली.

१९७० साली नागपुरात अनेक मंडळ्या ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ या एका छत्राखाली आल्या. आता त्या छत्राखाली मंडळी ठरलेली रक्कम वर भरते आणि पाळकाचा पगार धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपच्या, कचेरीतून येतो. बदलीचा हुकूमही तिथूनच येतो. मुंबई-पुण्याच्या उपनगरांतल्या स्वतंत्र प्रार्थनागृहांत मात्र आठवडाभर नोकरी करून रविवारी उपदेश करणारे पाळक पुष्कळ आहेत. त्यांची बदली कोणी करू शकत नाही.