सडकेवर आधी पोहोचतो तो गाववाला

मूर्तिजापूर-बडनेरा पट्ट्यात रात्री ट्रक उलटला, की तो आवाज सगळ्यात आधी ऐकतो वावरात जागलीला असलेला माणूस. रोही (नीलगायी) आणि रानडुकरांपासून तूर-हरभरा राखायला तो मचाणावर बसलेला असतो. टॉर्च घेऊन धुऱ्याधुऱ्यानं धावत तो सडकेला लागतो, ढाब्यावरची दोन-चार पोरं येतात, मग कोणीतरी फोन लावतं. महामार्ग पोलिसांची गाडी, १०८ ची रुग्णवाहिका, ठाण्याचा अंमलदार हे सगळे त्याच्या मागून येतात. विदर्भातल्या महामार्ग गस्तीची हकिगत या माणसापासूनच सांगावी लागते. तो आधीपासून तिथे होता. त्यानं जखमीला हात लावला तर त्याच्यावर काही शेकणार नाही, एवढं सांगायला मात्र कायद्यानं फार वर्षं घेतली.

ही सडक मुळात कापसाची. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट मिर्झापूरपर्यंत जाई. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, लांबचा माल रुळांवर गेला आणि सडकेवर जिनिंगकडे, स्टेशनाकडे निघालेल्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, तेवढ्या उरल्या. पुढे डिसेंबर १९४३ मध्ये देशातले मुख्य अभियंते नागपुरातच जमले. त्या बैठकीतून निघालेल्या ‘नागपूर योजने’नं रस्त्यांची प्रतवारी लावली: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते, ग्रामरस्ते. सगळा देश आज ज्या शब्दांत रस्ते मोजतो, ते शब्द आपल्या नागपुरात ठरले, हे विदर्भातल्या शाळांत आवर्जून सांगायला हवं. १९५६ मध्ये राष्ट्रीय महामार्ग कायदा झाला. अकोला-अमरावती-नागपूर-भंडारा असा जाणारा तो सहा नंबर आणि नागपूरहून हिंगणघाट, पांढरकवड्याकडे उतरणारा तो सात नंबर. २०१० मध्ये क्रमांक बदलून अनुक्रमे ५३ आणि ४४ झाले, तरी जुन्या माणसांच्या तोंडी अजून सहा नंबर, सात नंबरच आहे.

सडक केंद्राची झाली, पण तिच्यावर काही घडलं की निस्तरायचं ते गावानं. गावाचा पोलीस म्हणजे पोलीस पाटील. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमानं त्याची नेमणूक आणि कामं नीट बांधून दिली, पण त्याचा वकूब शिवेपुरता. ठाणं तालुक्याला. मधल्या सडकेवर भरधाव ट्रक, आणि मागे दिवा नसलेली पऱ्हाटीची बंडी.

ही मधली जागा महामार्ग पोलिसांकडे आली. राज्यभर महामार्गांच्या कडेला त्यांची मदत केंद्रं आहेत आणि ठरलेल्या अंतरात त्यांची गस्त चालते. अपघात झाला की जखमींना हलवायचं, क्रेन बोलवायची, तुंबलेली वाहतूक काढून द्यायची. एरवी स्पीडगन लावून वेग तपासायचा, चालकाला ब्रेथ ॲनालायझरमध्ये फुंकायला लावायचं. गुन्हा मात्र स्थानिक ठाण्यातच दाखल होतो आणि तपासही तेच करतात. लोकांना हा फरक माहीत नसतो. सडकेवर भेटलेल्या हवालदारालाच ते महिनाभरानं पंचनाम्याची नक्कल मागतात आणि खेटे घालून दमतात.

आता जखमीला हात लावायला गाव मागे का सरत होतं, याबद्दल. अपघात पाहून निघून जाणाऱ्यांना आपण निर्दयी म्हणतो. मला ते कधीच पटलं नाही. ज्यानं जखमीला दवाखान्यात नेलं त्याला तिथे अडवून नाव-गाव विचारायचे, मग पंच म्हणून सही, साक्षीदार म्हणून समन्स, आणि ऐन वेचणीच्या दिवसांत कोर्टाची तारीख. रोजीवर जगणाऱ्यानं एक दिवस बुडवला की घरात दाणा कमी पडतो. ‘पोलिसाचं लचांड नको’ ही म्हण अनुभवातून आली होती. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरांना बजावलं, की आधी उपचार, कागद नंतर. पण आणणाऱ्या माणसाला संरक्षण मिळायला आणखी पाव शतक गेलं. मे २०१५ मध्ये केंद्रानं मार्गदर्शक सूचना काढल्या, मार्च २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या बंधनकारक केल्या आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. सद्भावनेनं मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव सांगायची सक्ती नाही, साक्ष द्यायची तर ती स्वखुशीनं. दरम्यान २०१४ मध्ये राज्यात १०८ रुग्णवाहिका सुरू झाली होती. जखमीला छोट्या हत्तीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून नेण्याची पाळी त्यामुळे पुष्कळ कमी झाली.

कायदा कागदावर आला तरी गावात तो कोणी सांगायचा? मार्च २०२१ मध्ये महामार्ग पोलिसांनी ‘मृत्युंजय दूत’ योजना सुरू केली. महामार्गालगतच्या गावांतली, ढाब्यांवरची, पेट्रोल पंपांवरची माणसं निवडायची, त्यांना प्रथमोपचार शिकवायचे, स्ट्रेचर आणि ओळखपत्र द्यायचं. पहिल्या तासात उपचार मिळाले तर जीव वाचण्याची शक्यता मोठी असते, आणि त्या तासातली सुरुवातीची मिनिटं गाववाल्याच्याच हाती असतात. मान दुखावलेल्याला बखोटीला धरून ओढायचं नाही, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरायचं. पाणी पाजणं हा आपल्याकडचा पहिला धर्म. त्यामुळे ‘पाजू नका’ हे लोकांच्या गळी उतरवणं सगळ्यात अवघड जातं. पण जो पोलीस दंडाची पावती फाडायला पुढे यायचा, तोच चावडीत बसून पट्टी बांधायला शिकवतो, याचं मोल मला फार वाटतं.

बाकीचं प्रबोधन ऋतूप्रमाणे चालतं. जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान, शाळांत भाषणं. कापूस निघाला की बंड्यांना आणि ट्रॉल्यांना मागून रेडियमच्या पट्ट्या. सोयाबीनच्या दिवसांत डांबरावर वाळत घातलेलं पीक उचलायला सांगणं. त्यावर घसरून दुचाकीवाले पडतात. शेगावला पायी निघालेल्यांना उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं चालायला सांगणं. चौपदरी झाल्यावर वावर पलीकडे अन् घर अलीकडे पडलं, म्हणून जागोजागी दुभाजक फोडून वाटा पाडलेल्या असतात. तिथे नुसत्या समजावणीनं भागत नाही, भुयारी वाट बांधून द्यावी लागते. ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू झाले, की ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरते. गावकरी ती जागा त्याच्या कितीतरी आधीपासून ओळखून असतात.

समृद्धी महामार्गानं हा मेळ विस्कटला. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा उघडला, जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. दोन्ही बाजूंना कुंपण, सडक उंचावर, कडेला ढाबा नाही, गाव नाही. सरळ सडकेवर तासन् तास एकाच वेगानं गाडी चालवताना चालकाचे डोळे उघडे असतात आणि भान हरपतं. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस दुभाजकावर आदळून पेटली आणि २५ जण गेले. त्या वर्षी परिवहन खात्यानं प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासणं आणि चालकांचं समुपदेशन यांवर भर दिला. वेग आणि टायर नाक्यावर तपासता येतात. पण वाशीम-बुलडाण्याच्या पट्ट्यात आज वावरातला जागल्या आवाज ऐकून धावला, तर तो कुंपणाशी येऊन थांबतो. गस्तीची गाडी येईपर्यंत त्याला आत जाता येईल असं दार कुठे असावं आणि त्याची किल्ली कोणाकडे असावी, हे लगतच्या ग्रामपंचायतींना बरोबर घेऊन ठरवायला हवं.