माऊसेस टँक ट्रेल (व्हॅली ऑफ फायर, नेवाडा)

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात लास वेगासच्या ईशान्येला साधारण ८० किमीवर व्हॅली ऑफ फायर स्टेट पार्क आहे, त्यातली ही छोटी पायवाट. जाऊन-येऊन सव्वा किलोमीटरच्या आसपास, चढ जवळपास नाहीच, त्यामुळे लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी सोबत असली की लोक बहुधा हीच वाट धरतात. वाट लाल खडकांच्या घळीतून जाते, तिला पेट्रोग्लिफ कॅन्यन म्हणतात (पेट्रोग्लिफ म्हणजे खडकावर कोरलेलं चित्र), आणि शेवटी कातळात पावसाचं पाणी साठणारं एक नैसर्गिक टाकं लागतं, त्यावरूनच हे नाव पडलं. पण टाकं तसं साधंच आहे, इथे यायचं ते दोन्ही भिंतींवर कोरलेल्या चित्रांसाठी.

पार्क नेवाडातलं सगळ्यात जुनं स्टेट पार्क मानतात. स्थापनेचं साल कुठे १९३४ तर कुठे १९३५ दिसतं, कारण लोकांसाठी ते १९३४ च्या ईस्टरला खुलं झालं आणि अधिकृत दर्जा १९३५ मध्ये मिळाला, तेव्हा नोंदीसाठी १९३५ धरणं बरं. इथला खडक म्हणजे अ‍ॅझ्टेक सँडस्टोन, जुरासिक काळातल्या वाळूच्या टेकड्या दगड होऊन तयार झालेला. जुन्या माहितीपत्रकांत त्याचं वय १५ कोटी वर्षं दिलेलं असतं, अलीकडचे भूशास्त्रज्ञ १८ ते १९ कोटींच्या आसपास सांगतात आणि तेच जास्त पटतं, कारण युटा राज्यातल्या झायन राष्ट्रीय उद्यानातल्या नवाहो सँडस्टोनशी हा थर जुळवला जातो. लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा, आणि जिथे खडकातून झिरपलेल्या पाण्याने लोह वाहून नेलं तिथे तोच खडक फिकट किंवा पांढरट दिसतो.

चित्रं नीट समजून घ्यायची तर आधी भिंतीवरचा काळपट थर बघायला हवा. याला डेझर्ट वॉर्निश म्हणतात. हा थर खडकातून बाहेर येत नाही, वाऱ्याने येणाऱ्या धुळीतली चिकणमाती आणि त्यात मँगनीज व लोहाची ऑक्साइडं असं मिळून तो वरून चढत जातो, आणि तोही इतका सावकाश की हजार वर्षांत जेमतेम काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग). कोरणाऱ्यांनी दगडाने ठोकून हा थर उडवला आणि खालचा फिकट खडक उघडा केला, चित्र दिसतं ते त्यामुळे. आता अडचण अशी की धुळीत मँगनीज फार थोडं असतं आणि थरात मात्र ते कितीतरी पटींनी जास्त सापडतं, तर ते एवढं जमतं कसं यावर अजून एकमत नाही. एक गट म्हणतो की दव आणि पावसाने आम्लता बदलते, मँगनीज विरघळतं, पुन्हा बसतं, म्हणजे नुसतं रसायनशास्त्र पुरेसं आहे. दुसरा गट सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवतो. २०२१ मध्ये आलेल्या एका अभ्यासात असं मांडलं गेलं की सायनोबॅक्टेरिया (सूर्यप्रकाशावर जगणारे जीवाणू) कडक उन्हापासून बचावासाठी पेशींत मँगनीज साठवतात आणि ते मेल्यावर तेच थरात राहतं. हे स्पष्टीकरण सध्या वजनदार वाटतं, पण सगळीकडच्या वॉर्निशला एकच कारण असेल असं धरून चालू नये.

कालनिर्णयाचं घोडंही इथेच अडतं. थरातल्या मूलद्रव्यांच्या प्रमाणावरून वय काढायची एक पद्धत १९८० च्या दशकात पुढे आली होती, पुढे तिच्यावर बऱ्याच शंका घेतल्या गेल्या. म्हणून चित्रं ढोबळमानाने शेजारच्या मोआपा व्हॅलीतल्या वस्तीच्या काळाशी, म्हणजे इ.स.पू. ३०० ते इ.स. ११५० शी जोडतात: आधी बास्केटमेकर आणि मग पूर्वज प्वेब्लो (शेती करणारे) हे इथले मूलनिवासी लोक. सगळी एका काळातली नाहीत एवढं मात्र नक्की म्हणता येतं, कारण काही रेषांवर पुन्हा थर चढलाय आणि काही अजून उजळ आहेत. अर्थाबद्दल, हायझर आणि बॉमहॉफ या पुरातत्त्वज्ञांनी १९६२ मध्ये शिकारीच्या जादूची, म्हणजे शिकार मिळावी म्हणून चित्रं कोरल्याची, कल्पना मांडली (बिगहॉर्न या रानमेंढ्या पुष्कळ दिसतात खऱ्या), १९९० च्या दशकात शामनांच्या (मांत्रिक-वैद्यांच्या) दृष्टांतांचा अर्थ पुढे आला. पण हात धरून ओळीने उभी माणसं, सर्पिल आणि भौमितिक आकार हे सगळं एकाच चौकटीत बसवायचा अट्टहास नको. त्या काळातल्या वस्त्यांच्या वस्तू जवळच्या ओव्हर्टन गावातल्या लॉस्ट सिटी म्युझियममध्ये आहेत, ट्रेलला जोडून तेही जरूर बघावं.

नावातला माऊस म्हणजे १८९० च्या दशकातला सदर्न पायूट या मूलनिवासी जमातीचा एक माणूस. त्याच्यावर खुनाचे आरोप होते आणि पाठलाग चुकवत तो या टाक्याच्या आधाराने लपून राहिला असं सांगतात. तपशील सगळे पाठलाग करणाऱ्यांच्या बाजूचे, त्यामुळे जपून घ्यावेत.

वाटेवर खोल वाळू आहे, स्ट्रॉलरची चाकं रुततात, बाळ पाठीवरच्या कॅरियरमध्ये घेतलेलं बरं. ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ चांगला, उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो आणि पार्कातल्या काही वाटा बंदही ठेवतात. अंतर कमी म्हणून पाणी गाडीत ठेवून निघू नका. वादळी पावसात घळीत शिरायचं नाही, लोंढा अचानक येतो. मुलांना आधीच सांगून ठेवा की चित्रांना हात लावायचा नाही, हाताच्या तेलाने आणि घासण्याने थर खराब होतो आणि तो आपल्या हयातीत भरून येत नाही. त्यांवर काही खरवडणं तर कायद्यानेच गुन्हा आहे.