थायरॉईड आणि गर्भधारणा

गळ्याच्या पुढच्या भागात, श्वासनलिकेवर फुलपाखरासारखी बसलेली ग्रंथी म्हणजे थायरॉईड किंवा अवटू ग्रंथी. सातारा-सांगलीकडे ‘तिला थायरॉईड निघालाय’ असे म्हटले की ग्रंथी नव्हे, ग्रंथीचा बिघाड समजायचा. दिवस राहत नाहीत म्हणून तपासणी करणाऱ्या बाईत हा बिघाड बहुतेकदा ग्रंथी मंद चालण्याचा असतो. तो साध्या रक्ततपासणीत कळतो, औषधही स्वस्त आहे. उपचार फसतो तो गोळीच्या वेळेत, आणि त्याहून जास्त ती मध्येच बंद केल्याने.

ग्रंथीची टी३ आणि टी४ ही संप्रेरके कमी पडली की मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी टीएसएच हे आपले संप्रेरक वाढवून तिला हाकू लागते. म्हणून रिपोर्टात टीएसएच चढलेला दिसला की ग्रंथी मंद आहे, असे हे उलटे गणित. याच ओढाताणीत दुधाचे संप्रेरक प्रोलॅक्टिनही वाढते आणि अंडाशयाला मिळणारे इशारे दबतात. अंडे वेळेवर सुटत नाही, पाळी पुढे जाते किंवा अंगावरून जास्त जाते. अशा वेळी आधी थायरॉईड जागेवर आणावा; थायरॉईडमुळे चढलेले प्रोलॅक्टिन पुष्कळदा त्याबरोबर आपोआप उतरते. पीसीओएस हा अंडाशयाच्या संप्रेरकांच्या गडबडीचा विकार मात्र वेगळा आजार आहे. तो आणि थायरॉईड एकाच बाईत असू शकतात, आणि एकाची गोळी दुसऱ्याला लागू पडत नाही.

ग्रंथी मंदावण्याचे पूर्वीचे मोठे कारण आयोडीनची कमतरता. भारतात राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम 1962 साली सुरू झाला आणि 2006 पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकायला बंदी आली. आता बहुतेक रुग्णांत शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटलेली आढळते; 1912 साली त्याचे वर्णन करणाऱ्या जपानी डॉक्टरांवरून या आजाराला हाशिमोटो म्हणतात. तरी मिठाकडे दुर्लक्ष नको. एकादशीला सैंधव खाल्ल्याने काही बिघडत नाही, पण ‘नैसर्गिक’ म्हणून रोजच्या आमटीतही सैंधव किंवा खडेमीठच पडत असेल तर आयोडीन तुटते. गरोदरपणी गरज दिवसाला 250 मायक्रोग्रॅमपर्यंत वाढते. माण-खटावकडे विचारला जाणारा प्रश्न बाजरीचा. बाजरीतले काही घटक ग्रंथीच्या कामात अडथळा आणू शकतात. पण आयोडीन पुरेसे असेल तर भाकरी सोडण्याची गरज नाही.

टीएसएचची नेहमीची वरची मर्यादा 4 च्या आसपास धरतात. गोळी चालू असलेल्या आणि मूल हवे असलेल्या बाईत तो 2.5 च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न असतो. या आकड्याचा बाऊही होतो. टीएसएच नीट असून रक्तात फक्त ग्रंथीवर उलटणाऱ्या अँटीबॉडी सापडल्या, तर गोळीने फायदा होतो का, हे पाहणारी मोठी ब्रिटिश चाचणी 2019 साली प्रसिद्ध झाली: गोळी घेणाऱ्या गटात 37.4 टक्के आणि नकली गोळीच्या गटात 37.9 टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले. म्हणजे फरक नाहीच.

गोळी लेव्होथायरॉक्सिनची. ती उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा ते एक तास काही खायचे-प्यायचे नाही. कागदावर हे सोपे आहे. वाळव्यातल्या शेतकरी घरात पहाटे पाचला चूल किंवा गॅस पेटतो, पहिले आधण चहाचे, आणि घरातल्या सुनेने चहा नको म्हटले की सासूबाईंच्या भुवया उंचावतात. गोळीची बाटली आरशामागे ठेवलेली. आठवण येते ती दोन घोट चहा पोटात गेल्यावर. बाटली उशाशी ठेवून डोळे उघडताच गोळी घेतली की हा तिढा सुटतो. दुसरी चूक रक्तवाढीच्या गोळ्यांची. लोह आणि कॅल्शियम थायरॉईडची गोळी अंगी लागू देत नाहीत, म्हणून मध्ये चार तासांचे अंतर हवे. डोस बदलल्यावर तपासणी सहा आठवड्यांनी करावी. औषधाचा निम्मा भाग शरीरातून जायलाच सुमारे आठवडा लागतो, त्यामुळे आठ दिवसांत पुन्हा रक्त देणे म्हणजे पैसे वाया.

मिरजेला ‘दाखवायला’ जाण्याची रीत या भागात जुनी आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी तिथे मिशन रुग्णालय उभारले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1962 चे. पण मोठ्या दवाखान्यातून आणलेली फाईल कपाटात जाते आणि ‘रिपोर्ट नॉर्मल आला’ म्हणून गोळी थांबते. रिपोर्ट नॉर्मल आलेला असतो तो गोळीमुळे.

याहून घातक म्हणजे दिवस राहिल्यावर, गोळी ‘गरम पडेल’ म्हणून ती सोडणे. बाळाची स्वतःची ग्रंथी बाराव्या आठवड्याच्या सुमारास काम सुरू करते. तोवर त्याच्या मेंदूची वाढ आईच्या संप्रेरकावर चालते. म्हणून पाळी चुकून तपासणी होकारार्थी आली की डोस उलट वाढवावा लागतो, साधारण पाव हिश्शाने. आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या, ही त्याची सोपी रीत. डॉक्टरांकडून हे प्रयत्न सुरू करतानाच लिहून घ्यावे, कारण गरोदरपणाची नोंदणी होईपर्यंत मोलाचे आठवडे निघून गेलेले असतात. निम्मे दिवस भरेपर्यंत टीएसएच दर चार आठवड्यांनी पाहतात.

ग्रंथी जास्त चालत असेल तर हिशेब वेगळा. ग्रंथीला आवर घालणाऱ्या कार्बिमाझोल या औषधामुळे पहिल्या तिमाहीत बाळात व्यंग येण्याचा धोका असतो, म्हणून औषध आधीच बदलून घेतात. त्यासाठी किरणोत्सारी आयोडीन घेतले असेल तर मुलाच्या प्रयत्नाआधी किमान सहा महिने थांबायचे.

बाळंतपणानंतर डोस पूर्वीच्या मापावर येतो आणि सहा आठवड्यांनी टीएसएच पाहतात. अंगावर पाजताना गोळी चालते. माहेरी सकाळी हातावर ठेवलेला डिंकाचा किंवा अळिवाचा लाडूही चालतो, फक्त गोळीनंतर तासाभराने.